दांडी बाहेर होती

उपेंद्रने कॅम्पिंगचा ट्रेलर घेतला तेव्हा सुजाताने एकच प्रश्न विचारला, आणि तो प्रश्न तिला पुढे दोन वर्षं पुरला.

अबू धाबीतला कुणी अमेरिकन इंजिनिअर गाशा गुंडाळून मायदेशी निघाला होता. त्याच्याकडून उपेंद्रने ट्रेलर आणि तो ओढणारा भलाथोरला पिकअप, दोन्ही एकदमच उचलले. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाडच. ओटा, मोरी, दोन पलंग, डोक्यावर एसी. हा ट्रेलर साध्या कॅरव्हॅनसारखा गाडीच्या मागच्या हुकाला अडकवायचा नसतो. त्याचं पुढे आलेलं नाक पिकअपच्या हौद्यावर चढतं आणि हौद्यात बोल्ट मारून बसवलेल्या एका लोखंडी तव्यावर टेकतं. नाकाखाली मनगटाएवढा जाड पोलादी खुंटा असतो, तो तव्याच्या जबड्यात जाऊन बसतो. त्या तव्याला म्हणतात फिफ्थ व्हील, म्हणून ट्रेलरही फिफ्थ व्हील. सुजाताने हे नाव ऐकलं, ट्रेलरभोवती एक चक्कर मारली, चाकं मोजली, चार भरली, आणि सरळ विचारलं, "पाचवं कुठाय?"

झालं. तो किस्सा उपेंद्रने बर दुबईच्या गणपतीत सांगितला, ऑफिसात सांगितला, मुलीच्या, दियाच्या, शाळेतल्या पालकांना सांगितला. सुजाताच्या आईला मिरजेला फोन लावला तेव्हाही सांगितला. "बी.एस्सी. फिजिक्स बरं का! चाकं मोजत होती!" त्याला जोडून दुसरा किस्सा असायचाच. सुजाता ड्रायव्हिंगच्या टेस्टला पाच वेळा नापास झाली होती. "तेवढ्या फीमध्ये एक छोटी गाडी आली असती," तो म्हणायचा, आणि दिर्‌हॅमचे रुपये करून आकडा सांगायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला जास्त हसू येई.

उपेंद्र काही हात उगारणारा माणूस नव्हता. अल बर्शाच्या त्यांच्या इमारतीत त्याला सगळे दिलखुलास म्हणत. एसीच्या डक्टचं त्याचं वर्कशॉप चांगलं चाललं होतं, घरी पाहुण्यांचा राबता होता. पाहुण्यांना हसवायला काहीतरी लागतं, आणि ते काहीतरी म्हणजे सुजाता. लग्नाच्या सोळा वर्षांत तिला त्याची सवय झाली होती, असं तिचं तिला वाटत होतं.

ट्रेलर जोडताना पिकअप रिव्हर्समध्ये घ्यावा लागतो आणि मागे कोणीतरी उभं राहून हाताने खुणा करायच्या असतात. हे काम उपेंद्रने तिला दिलं. पहिल्या वेळी त्याच्या डावीला ती आपली डावी समजली आणि गाडी हातभर चुकली. दुसऱ्या दिवशी त्याने नारिंगी प्लास्टिकची एक शिट्टी आणून तिच्या गळ्यात घातली. "एक शिट्टी म्हणजे थांब. बाकी काही बोलायचं नाही. हिचं बोलणं मला कळत नाही, निदान शिट्टी तरी कळेल." दिया तेव्हा अकरा वर्षांची होती. "ममा, यू लुक लाइक अ रेफरी," ती म्हणाली आणि बापाबरोबर हसली.

सुजाताला खरं काम शिकवलं ते लियाकतने. लियाकत परकार उपेंद्रच्या कंपनीत अकरा वर्षं ड्रायव्हर होता. माणूस श्रीवर्धनकडचा, बावन्न वर्षांचा, डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. तरुणपणी न्हावा-शेवा बंदरात त्याने कंटेनरचे ट्रेलर ओढले होते, मग इथे जबल अलीला. त्यामुळे हा तवा आणि हा खुंटा त्याच्या रोजच्या ओळखीचा. रस्त्यावर ट्रेलर न्यायचं लायसन्सही त्याच्याकडेच होतं. उपेंद्र गाडी चालवायचा तो फक्त कॅम्पच्या मोकळ्या जागेत, लोकांना दाखवायला.

एका रविवारी वर्कशॉपच्या मागच्या आवारात ट्रेलर धुवायला काढला होता. उपेंद्र आत फोनवर होता. लियाकत आपणहून म्हणाला, "वहिनी, शिट्टी ठेवा बाजूला. इकडे या, दाखवतो."

त्याने तिला हौद्यात चढवलं. आधी चाकांना पुढून-मागून ठोकळे लावायचे, का लावायचे ते सांगितलं. ट्रेलरचं नाक तव्यापेक्षा बोटभर खाली पाहिजे, म्हणजे गाडी मागे आली की तवा त्याला उचलून घेतो. नाक वर राहिलं तर खुंटा जबड्यात न शिरता वरच्या वर बसतो. "बसल्यासारखा दिसतो, पण बसलेला नसतो. पाहुणा कसा खुर्चीच्या टोकावर बसतो, तसा." मग खट्ट असा आवाज येतो आणि बाजूची लोखंडी दांडी आत जाते. "आवाजावर जाऊ नका. आवाज खोटा बोलतो. दांडी खोटं बोलत नाही. दांडी पुरती आत, तर खुंटा धरलेला. दांडी बाहेर, तर कुणाच्या बापाने सांगितलं तरी गाडी हलू द्यायची नाही."

"आणि मग?"

"मग झटका. ठोकळे तसेच ठेवायचे, ट्रेलरचे पुढचे पाय जमिनीवर ठेवायचे, आणि गाडी हलकेच पुढे ओढून बघायची. धरून ठेवलंन तर ठीक. सुटलं तर पायावर उभा राहील, कोणी मरणार नाही. झटका दिल्याशिवाय पाय वर घ्यायचे नाहीत. हे साहेबांना मी दहादा सांगितलंय."

सोडण्याचा क्रम याच्या उलट. आधी ठोकळे, मग पाय खाली, दिव्यांची-ब्रेकची केबल काढायची, आणि सगळ्यात शेवटी दांडी ओढायची. त्याने तिच्याकडून दोन्ही चारचारदा करून घेतलं. चौथ्या वेळी तिने दांडी पाहिली, टॉर्च मारून जबडा पाहिला, आणि म्हणाली, "बसलाय."

"बसलाय," लियाकत म्हणाला. "आता तुम्ही उभ्या असलात की मला बघायला नको."

एवढं साधं वाक्य, पण सुजाता ते घरी घेऊन आली. कितीतरी वर्षांत तिच्यावर कोणी काही सोपवलं नव्हतं.

ट्रेलर घेऊन दोन वर्षं होत आली, त्या जानेवारीत उपेंद्रने प्रल्हाद आणि हेमाला कॅम्पला बोलावलं. प्रल्हाद दुबई मरीनात राहायचा आणि मोठमोठ्या टॉवरच्या देखभालीची कामं कुणाला द्यायची हे त्याच्या हातात होतं. म्हणून उपेंद्रने कसर ठेवली नव्हती. उम्म अल क्वैनच्या पुढे समुद्राकाठी घट्ट वाळूची जागा शोधली, कोळंबी आणली, खुर्च्या मांडल्या. शनिवारी सकाळी लियाकतने ट्रेलर आणून उभा केला, ठोकळे लावले, फळ्यांवर पाय खाली घेतले, पिकअप सोडवून बाजूला लावला आणि ट्रेलर सपाट राहावा म्हणून नाक जरा उचलून पातळी साधली.

संध्याकाळी शेगडीभोवती 'पाचवं चाक' निघालं. मग पाच टेस्ट निघाल्या. प्रल्हाद हसतोय म्हटल्यावर उपेंद्रला चेव आला.

"सुजाता, ते तुझं ट्रॅफिक पोलिसाचं करून दाखव ना. ऊठ, ऊठ. शिट्टी कुठाय? दिया, आण ग शिट्टी."

"राहू दे ना," सुजाता म्हणाली.

"अगं, घरचेच आहेत सगळे! यल्ला, चल!"

दियाने शिट्टी आणली. सुजाता उठली. नाही म्हटलं असतं तर पुढचा तासभर 'मॅडम रागावल्या' हा खेळ झाला असता, हे तिला माहीत होतं. तिने हात हलवले, डावीकडे, उजवीकडे, मागे ये, मागे ये. उपेंद्र खुर्चीत बसून स्टिअरिंग फिरवल्याचा अभिनय करत होता आणि मुद्दाम उलट्या बाजूला कलत होता. हेमा डोळे पुसत हसली. दिया मोबाइलवर शूटिंग करत होती. लियाकत पलीकडे कोळंबी साफ करत होता. त्याने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. हसण्यापेक्षा ती खाली गेलेली मान सुजाताला जास्त लागली.

रविवारी सकाळी निघायची तयारी सुरू झाली. लियाकत कचऱ्याच्या पिशव्या घेऊन रस्त्याकडेच्या पेटीकडे गेला होता. पेटी बरीच लांब होती. चहाचा कप हातात घेऊन प्रल्हाद सहज म्हणाला, "हे जोडायचं काम ड्रायव्हरच करतो वाटतं?"

"ड्रायव्हर कशाला? दोन मिनिटांचं काम आहे," उपेंद्र म्हणाला आणि चावी घेऊन पिकअपमध्ये चढला. "सुजाता! जागेवर!"

ती ट्रेलरच्या नाकाशी उभी राहिली. शिट्टी गळ्यात होतीच. पिकअप मागे येऊ लागला. नाक काल जसं उचललं होतं तसंच होतं, तव्यापेक्षा चांगलं दोन बोटं वर. तिने हात वर करून थांबायची खूण केली.

"काय झालं?"

"नाक वर आहे. आधी पाय थोडे वर घेऊन—"

"ती बघा, इंजिनिअर!" उपेंद्रने खिडकीतून प्रल्हादला हाक मारली. "नाक वर आहे म्हणते! नाक कुणाचं वर आहे ते मला माहिताय!"

प्रल्हाद हसला. उपेंद्रने गाडी तशीच मागे घेतली. लोखंडावर लोखंड घासलं आणि खट्ट आवाज झाला.

"लागला?"

सुजाताने दांडीकडे पाहिलं. दांडी वीतभर बाहेर होती. खुंटा जबड्याच्या ओठावर नुसता टेकला होता, खुर्चीच्या टोकावर बसलेल्या पाहुण्यासारखा. "दांडी पूर्ण—" तिने तोंड उघडलं.

"हो की नाही, एवढंच सांग. निबंध नको. नाहीतर शिट्टी मार, त्यासाठीच दिलीय!"

ती गप्प बसली.

त्या वेळी मनात काय होतं, ते तिने पुढे किती तरी वेळा आठवून पाहिलं. घाबरली नव्हती. गोंधळलीही नव्हती. मनात स्वच्छ एक वाक्य होतं, 'पडू दे.' तो पाय वर घेईल, गाडी पुढे नेईल, आणि अख्खा ट्रेलर प्रल्हादच्या देखत त्याच्या लाडक्या पिकअपवर आदळेल. हौद्याचा पत्रा चेपेल. त्याचं तोंड बघण्यासारखं होईल. मग हाही किस्सा होईल, आणि हा ती सांगेल. तिने हात मागे बांधले आणि एक पाऊल बाजूला सरली.

तिच्या गप्प राहण्याला उपेंद्रने हो धरलं. तो खाली उतरला, तव्याकडे ढुंकूनही न पाहता ट्रेलरच्या कुशीतलं बटण दाबलं. पाय घुर्र करत वर गेले. नाकाचं सगळं वजन त्या टेकलेल्या खुंट्यावर आलं. त्याने ठोकळे पायाने उडवले. प्रल्हाद आणि हेमा समुद्राकडे तोंड करून सेल्फी काढत होते, दिया ट्रेलरच्या सावलीत कानात हेडफोन घालून बसली होती. उपेंद्र पुन्हा गाडीत चढला.

तेवढ्यात लियाकत परत आला. पलीकडच्या अंगाने आला, त्यामुळे उपेंद्रला तो दिसला नाही. केबल लोंबत असलेली त्याने पाहिली. पाय वर, ठोकळे काढलेले, म्हणजे बाकीचं उरकलंय. त्याने सुजाताकडे एक नजर टाकली, मान डोलावली आणि केबल जोडायला उजवा हात हौद्याच्या कडेवरून आत घातला.

सुजाताला पांढरी टोपी दिसली. हात दिसला. हाताच्या वर काय आहे तेही दिसलं. शिट्टी तिने ओठांपर्यंत नेली. इतका वेळ मनाने धरून ठेवलेली गोष्ट सोडायला एक श्वास लागला. तेवढ्यात पिकअपने झटका घेतला आणि पुढे सरकला.

शिट्टी वाजली ती नंतर.

खुंटा तव्यावरून घसरला आणि ट्रेलरचं नाक हौद्याच्या कडेवर येऊन बसलं. आवाज फार मोठा झाला नाही. लियाकत ओरडलाही नाही, आधी नुसता हुंकार दिल्यासारखा आवाज काढला, आणि मग त्याचे गुडघे वाकले. पण खाली पडता येईना, कारण हात वर अडकला होता.

उपेंद्र दार उघडून धावला. त्याने आधी पत्रा पाहिला, हे सुजाताला पक्कं आठवतं. मग लियाकतला पाहिलं. "अरे! तुला कुणी सांगितलं होतं हात घालायला? थांब, गाडी पुढे घेतो—"

"नको!" लियाकत किंचाळला. "गाडी हलवू नका! हात सोलून निघेल! वहिनी, पाय... पाय खाली घ्या!"

ती बटणाकडे धावली. पाय खाली उतरले, जमिनीला लागले आणि वर उचलण्याऐवजी वाळूत रुतू लागले. नाक हललं नाही.

"फळी," लियाकत म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, घाम हनुवटीवरून टपकत होता. "पायाखाली फळी घाला. पाय वर घ्या, फळी घाला, मग खाली. घाई नको. घाई नको, वहिनी."

पाय वर घ्यायला किती वेळ लागला असेल? वीस सेकंद, तीस. तिने जुन्या जागी राहिलेल्या फळ्या ओढून आणल्या, दोन्ही पायांखाली सरकवल्या, बटण दाबून धरलं. तो माणूस हात लोखंडाखाली असताना एकेक शब्द सांगत होता, आणि ती ऐकत होती. नाक बोटभर उचललं गेलं. हात सुटला. उपेंद्र आणि प्रल्हादने त्याला धरलं. हेमाने बीच टॉवेल दिला आणि तोंड फिरवलं. दियाने हेडफोन काढले होते. "इज ही ओके? ममा, इज ही ओके?" ती विचारत राहिली.

हॉस्पिटलमध्ये उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली. अंगठा आणि करंगळी राहिली.

पोलीस यायच्या आधी उपेंद्रने तिला कॉरिडॉरच्या टोकाला नेलं. आवाज शांत होता, घरात पाहुणे यायच्या आधी असायचा तसा. "नीट ऐक. लायसन्स त्याचं, काम त्याचं. जोडलं त्याने. मी फक्त गाडीत होतो, त्याने अंगठा दाखवला, मी निघालो. प्रल्हाद-हेमा समुद्राकडे बघत होते, त्यांनी काही पाहिलं नाही. तूही पाहिलं नाहीस."

"लियाकतभाई काय सांगतील?"

"दुखण्यात त्याला भान कुठे होतं, त्याला काय आठवणार? आणि एक सांगतो. खुंटा बसलाय की नाही, ते बघायला मी कुणाला उभं केलं होतं? हे पोलिसांनी मला विचारलं तर मला नाव घ्यावं लागेल."

पोलीस अधिकारी तरुण होता, हिंदी चांगली बोलत होता. "सिस्टर, लॉक किसने लगाया?"

"मैंने देखा नहीं," सुजाता म्हणाली.

त्याने ते लिहून घेतलं. खलास. एवढं सोपं असतं, याचंच तिला नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी ती टॅक्सी करून हॉस्पिटलमध्ये गेली. डब्यात मुगाची खिचडी होती. उपेंद्रने ऑफिसात लियाकतचा व्हिसा रद्द करायचे कागद तयार करायला सांगितले होते, कारण 'निष्काळजीपणामुळे कंपनीचं नुकसान'. हे तिला दियाकडून कळलं. बाप फोनवर बोलताना तिने ऐकलं होतं.

लियाकत उशाला टेकून बसला होता. उजवा हात बँडेजमध्ये उशीवर ठेवला होता, जणू दुसऱ्या कुणाचा. त्याने डब्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"पोलीस आला होता," तो म्हणाला. "साहेबांनी लिहून दिलंय, मी जोडलं म्हणून. मी सांगितलं, मी कचरा टाकायला गेलो होतो. तो म्हणाला, साक्षीदार नाही."

सुजाताने डबा पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला.

"ते जाऊ द्या. साहेबांचं मला नवल नाही. मी दुसरंच विचारतोय." तो थांबला. तिने पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याने घेतला नाही. "दांडी बाहेर होती. पडताना मी बघितली, इतकी बाहेर होती. तुम्ही तिथेच उभ्या होत्या. मी तुम्हाला बघितलं, वहिनी. तुम्ही उभ्या आहात, शिट्टी वाजली नाही, म्हणून मी हात घातला. साहेब एकटे असते तर घातला नसता. अल्लाशपथ, घातला नसता."

सुजाताला रडू आलं नाही. रडू आलं असतं तर बरं झालं असतं. "मला दिसली होती," ती म्हणाली. "मी मुद्दाम गप्प बसले. मला वाटलं, ट्रेलर पडेल. ह्यांची फजिती होईल."

लियाकतने डावा हात लांब करून डबा तिच्या बाजूला सरकवला.

"घेऊन जा," तो म्हणाला.

हॉस्पिटलच्या दारातूनच ती टॅक्सीने पोलीस स्टेशनला गेली. तोच अधिकारी होता. तिने त्याला सगळं सांगितलं. लॉक कुणी लावलं, पाय कुणी वर घेतले, झटका कुणी दिला नाही, लियाकत कुठे होता. त्याने आधीचा जबाब समोर ठेवला. "पहले झूठ क्यों बोला?" ती म्हणाली, डर गई थी. मग तिलाच ते खोटं वाटलं. ती म्हणाली, नाही, आणखी एक लिहा. दांडी बाहेर असलेली मला दिसली होती. शिट्टी माझ्या गळ्यात होती. मी वाजवली नाही.

अधिकाऱ्याने लिहिणं थांबवलं. "यह बोलना ज़रूरी नहीं है, सिस्टर," तो हळूच म्हणाला.

"लिखिए," ती म्हणाली.

केस उभी राहिली. उपेंद्रला दंड झाला, लियाकतची भरपाई भरावी लागली, आणि लियाकतचा पगार, ग्रॅच्युइटी काही अडवता आलं नाही. सुजाताला कोर्टाने खडसावलं आणि सोडून दिलं. शिट्टी न वाजवण्याला कुठलं कलम लागतं हे कोणालाच नीट सांगता आलं नाही. प्रल्हादने काम दुसऱ्याला दिलं. भानगडीतला माणूस त्याला नको होता.

उपेंद्रने घरात आवाज चढवला नाही. तो सुजाताशी बोलायचाच थांबला. बोलायचं ते दियामार्फत, तिच्यासमोर. "तुझ्या आईला विचार, भाजीत मीठ घालायचं राहिलंय का. की दिसत होतं आणि घातलं नाही?" दुसऱ्या दिवशी, "आईजवळ रस्ता ओलांडताना सांभाळून हं, दिया. समोरून ट्रक आला तर ती आधी विचार करेल." पहिल्यांदा दिया कसनुशी हसली. पुढे ती जेवण ताटात वाढून घेऊन खोलीत जाऊ लागली. एकदा सुजाता तिच्या दाराशी गेली, तर ती म्हणाली, "आय डोन्ट वॉन्ट टू टॉक टू एनी ऑफ यू," आणि दार लोटून घेतलं. 'एनी ऑफ यू', म्हणजे दोघांशीही. सुजाताला ते न्याय्य वाटलं.

नवऱ्याचं बोलणं मात्र तिला आता लागत नव्हतं. त्यात तिला काही सुटका वाटत नव्हती. तो जे विनोद करायचा, ते पहिल्यांदाच खरे होते, एवढंच.

लियाकत एप्रिलमध्ये गावी गेला. जाताना तो कोणाला भेटला नाही. कंपनीतल्या नोमान नावाच्या ड्रायव्हरने त्याला एअरपोर्टवर सोडलं, आणि नोमानकडूनच सुजाताने श्रीवर्धनचा नंबर मिळवला. नंबर हातात पडल्यावर दोन आठवडे तिने लावला नाही. मग एक दिवस दुपारी, घरात कोणी नसताना, लावला.

फोन लियाकतच्या बायकोने, खैरुन्निसाने घेतला. सुजाताने नाव सांगितलं.

"पैसे मिळाले," खैरुन्निसा म्हणाली. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मिळाले, हे नोमानभाईंनी सांगितलं. त्याचं तुम्हाला सांगायचं तर सांगते, मिळाले."

"ते कसे आहेत?"

"कसे असणार? उझमाच्या लग्नाची बोलणी चाललीत. पाहुणे आले की हात टेबलाखाली ठेवतात. डाव्या हाताने जेववत नाही, म्हणून मी भरवते, तर पोरांसमोर भरवून घेत नाहीत. दार लावून जेवतो आम्ही." तिचा आवाज चढला नव्हता, बाजारातल्या भावाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "एक विचारू, बाय? त्यांना विचारलं तर ते सांगत नाहीत. तुम्ही ओरडला का नाहीत?"

सुजाताने सांगितलं. पोलिसाला सांगितलं होतं तसंच, न लपवता. सोळा वर्षांचं घर, शेगडीभोवतीचं ते हसणं, आणि ते एक वाक्य, पडू दे. सांगताना तिला जाणवलं की ही सगळी कारणं खरी आहेत, आणि त्यांतलं एकही या बाईला सांगण्यासारखं नाही.

खैरुन्निसाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हणजे भांडण तुमच्या घरचं," ती म्हणाली, "आणि हात आमच्या घरचा."

"हो," सुजाता म्हणाली.

"माझ्या नवऱ्याला तुम्ही दिसल्या होत्या. तुम्हाला ते दिसले नव्हते का? आधीपासून, म्हणजे. इतकी वर्षं."

लियाकत कचरा टाकून परत येणार हे सुजाताला माहीत होतं. तव्यापाशी हात घालायचं काम नेहमी तोच करतो, हेही माहीत होतं. 'पडू दे' म्हणताना तिने सगळं डोळ्यांसमोर आणलं होतं. चेपलेला पत्रा, नवऱ्याचं तोंड, पाहुण्यांचे चेहरे. लियाकत त्या चित्रात नव्हताच. उपेंद्रच्या चित्रात तरी तो कधी होता?

"परत फोन करू नका, बाय," खैरुन्निसा म्हणाली. "त्यांना कळलं तर ठणका लागतो. जी बोटं नाहीत ती ठणकतात, म्हणतात. रात्रभर बसून राहतात मग."

"नाही करणार," सुजाता म्हणाली.

पलीकडून फोन बंद झाला. तिने पुन्हा कधी केला नाही.